घाट उतरताना दर वेळी पोटरीत गोळा येतो: कारण कुठे सापडलं आणि उपाय काय केला

सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळताना माझी तक्रार अशी होती. चढ नीट जायचा. दम पुरायचा, पायही पुरायचे. कासच्या रस्त्यावरून वळून परत निघालं की पहिले दोन-तीन किलोमीटर पाय आपोआप पळायचे, घड्याळात वेळही छान दिसायची. मग यवतेश्वर घाटाच्या खालच्या टप्प्यात, सतराव्या किलोमीटरच्या आगेमागे, उजव्या पोटरीत कातडीखाली काहीतरी फडफडायला लागायचं. दोन मिनिटांत गोळा. तिथून शेवटपर्यंत थोडं चालायचं, थोडं पळायचं, मध्येच थांबून कठड्याला पाय लावायचा.

सातारा हिल हाफ मॅरेथॉन 2012 पासून होते. शहरातून निघून यवतेश्वर घाट चढायचा, वर कासच्या रस्त्याला थोडं जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. म्हणजे 21 किलोमीटरपैकी पहिला अर्धा बहुतेक चढ आणि दुसरा अर्धा बहुतेक उतार. मी ती 2018, 2019, 2022 आणि 2023 मध्ये पळाले. चारही वेळा गोळा आला, तोही 16 ते 18 किलोमीटरच्या दरम्यानच. 2023 च्या जानेवारीत मुंबईला पूर्ण मॅरेथॉन पळाले, तिथे पेडर रोडच्या चढावर आला. पाच शर्यतींत पाच वेळा. आमच्याकडे कुणी गोळा म्हणतं, कुणी वांब, कुणी पेटका. नाव काहीही असो, इतक्या नेमाने येणारी गोष्ट योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

मी प्राथमिक शाळेत शिकवते, वय 43. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये 3000 मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचल्या आणि दहाव्या आल्या. तेव्हा शाळेतल्या मुली आठवडाभर मैदानात बाकडी आडवी टाकून त्यावरून उड्या मारत होत्या. त्यांच्याबरोबर मीही पळायला लागले ती अजून पळते आहे. सांगायचं कारण, मी कुणी खेळाडू नाही. पहाटे पाचला उठून, डबे करायच्या आत जेवढं पळून होतं तेवढं पळणारी आहे. तुमचंही तसंच असेल तर पुढचं कामाचं ठरेल.

आधी गोळा आल्यावर काय करायचं

हे मला 2022 मध्ये घाटात एका दूधवाल्या काकांनी शिकवलं. पाऊस बारीक, धुकं इतकं की पुढचं वळण दिसत नव्हतं. उजवी पोटरी एकदम दगडासारखी आवळली. मी खाली वाकून बघितलं तर स्नायू कातडीखाली एका बाजूला सरकून टेंगळासारखा वर आला होता आणि टाच आपोआप उचलली गेली होती. मी रस्त्याच्या कडेला बसायला लागले. वरून येणारे काका गाडी स्टँडवर लावून धावत आले. "ताई, बसू नगा. बसला तर उठवायचं न्हाई. गुडघा सरळ करा, टाच खाली दाबा." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिले. त्यांनी सांगितलं तसं मागचा पाय सरळ ठेवून टाच हळूहळू डांबरावर टेकवली. वीस-पंचवीस सेकंदांनी आतली गाठ ढिली होताना स्पष्ट जाणवली.

नंतर वाचलं तर शास्त्रही हेच सांगतं. गोळा आलेला स्नायू हळू ताणून धरणं हाच सगळ्यात खात्रीचा उपाय. पोटरीसाठी गुडघा सरळ, टाच जमिनीला. मांडीच्या पुढच्या भागात गोळा असेल तर कशाचा तरी आधार घेऊन उभं राहायचं आणि टाच मागे कुल्ल्याकडे आणायची. मांडीच्या मागच्या बाजूला असेल तर पाय पुढे सरळ, टाच टेकवून कमरेतून वाकायचं. हिसका द्यायचा नाही, बुक्क्या मारायच्या नाहीत. अर्धा मिनिट ताण धरायचा, श्वास चालू ठेवायचा, सोडायचं, परत धरायचं. मग दोन-तीन मिनिटं चालायचं आणि आधीपेक्षा हळू पळायला सुरुवात करायची. त्याच वेगाने निघालात तर अर्ध्या किलोमीटरवर तो परत येणार, हे मी चार वर्षं बघितलं आहे.

गार फवाऱ्याने कातडी बधिर होते, आतला गोळा त्याने सुटत नाही. लोक बाटली घेऊन उभे असतात, प्रेमाने मारतात, मारू द्यावं. ताणायचं मात्र विसरू नये.

जे जे करून पाहिलं आणि ज्याने काही झालं नाही

पहिला संशय मिठावर गेला. सगळ्यांचाच जातो. 2018 ला गोळा आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, अंगातलं मीठ गेलं. पुढच्या वर्षी आदल्या दिवसापासून मीठ-साखर-लिंबाचं पाणी, सकाळी दोन केळी, आणि वाटेत दर पाच किलोमीटरला मिठाची कॅप्सूल. गोळा सतराव्या किलोमीटरला वेळेवर हजर. 2022 ला मॅग्नेशियमच्या गोळ्या दोन महिने घेतल्या. गोळा आला. 2023 ला बूट बदलले, आदल्या संध्याकाळी कापूर घातलेल्या खोबरेलाने पाय रगडून घेतले. तरीही आला. डॉक्टरांनी कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, थायरॉइड सगळं तपासलं, सगळं जागेवर होतं.

मिठाबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण हा समज फार घट्ट आहे. दक्षिण आफ्रिकेत मार्टिन श्वेलनस नावाच्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लांब पल्ल्याच्या धावपटूंवर बरंच काम केलं आहे. गोळे आलेल्या आणि न आलेल्या धावपटूंच्या रक्तातले क्षार तपासले, तर त्या फरकाने गोळ्याचा उलगडा होईना. शरीरात किती पाणी कमी झालं यानेही होईना. केप टाउनच्या 56 किलोमीटरच्या टू ओशन्स शर्यतीवरचा त्यांचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. गोळे आलेल्या लोकांत दोन गोष्टी सापडल्या: स्वतःच्या तयारीच्या मानाने त्यांनी शर्यत जास्त वेगाने सुरू केली होती, आणि शर्यतीच्या आधीच त्यांच्या स्नायूंची थोडी झीज झालेली होती. हे वाचल्यावर मी वही काढली, पण ते पुढे सांगते.

केळ्याचंही तसंच आहे. केळ्यात पोटॅशियम असतं, पण घामातून पोटॅशियम फारसं जातच नाही, जातं ते मुख्यतः सोडियम. केळं खावं ते पळताना लागणाऱ्या साखरेसाठी, आणि पोटाला सोसतं म्हणून.

लोणच्याच्या खारावरही अमेरिकेत 2010 मध्ये प्रयोग झाला. विजेच्या झटक्याने पायात गोळा आणून काहींना खार दिला, काहींना पाणी. खार प्यायलेल्यांचा गोळा लवकर सुटला, पण इतक्या लवकर की ते मीठ रक्तात पोहोचायला वेळच नव्हता. म्हणजे घशाला झोंबलेल्या त्या आंबट-खारटाने मज्जातंतूंकडे काहीतरी निरोप जात असावा, असा अंदाज त्यांनी बांधला. तो खार व्हिनेगरमधल्या काकड्यांचा होता, आपला तेला-मसाल्याचा नव्हे. कैरीच्या लोणच्याचा खार पळताना पोटात घेऊ नका. मी घेतला आहे, पुढचे तीन किलोमीटर घशाशी जळजळत होतं.

याचा अर्थ मीठ बिनकामाचं असा नाही. मुंबईच्या दमटपणात चार-पाच तास पळणाऱ्याच्या आणि टोपीवर पांढरे डाग उमटणाऱ्याच्या अंगातून सोडियम खरंच खूप जातं. ते भरून काढायला जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं साधं ओआरएस पुरतं. एका लिटरमध्ये 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज, शिवाय थोडं पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. औषधाच्या दुकानात पुडी मिळते. पण गोळा यायच्या भीतीने प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास साधं पाणी पिणं मात्र सोडा. त्याने रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि ते गोळ्यापेक्षा कितीतरी धोक्याचं आहे. बोटं सुजणं, अंगठी घट्ट होणं, डोकं ठणकणं, उलटी, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. तहान लागेल तसं प्या.

घाम किती जातो हे घरीच मोजता येतं. मी ऑगस्टमध्ये एक तास पळायच्या आधी वजन केलं, 58.4 किलो. आल्यावर अंग पुसून, कोरड्या कपड्यांत, 57.6. मध्ये पाव लिटर पाणी प्यायले होते. म्हणजे तासाला साधारण एक लिटर. एवढं सगळं पळताना परत भरायची गरज नसते, निम्म्याच्या आसपास भरलं तरी माझं भागतं.

वही काढली तेव्हा

मी 2017 पासून एका दोनशेपानी वहीत रोजचं पळणं लिहिते. तारीख, कुठे, किती, कसं वाटलं. 2023 च्या शर्यतीनंतर दिवाळीच्या सुट्टीत चारही वर्षांच्या शर्यतीआधीचे तीन-तीन महिने उघडून बसले. वेग बघितला, अंतर बघितलं, झोप बघितली. काही सापडेना. मग मुलगी शेजारी बसून वाचायला लागली आणि तिने विचारलं, "आई, सगळीकडे 'घाट, 6 किमी, वर' असंच का लिहिलंयस? खाली कधी आलीस?"

खाली मी स्कूटरवर यायचे.

त्याचं असं होतं. रविवारी पहाटे मी घरून निघून समर्थ मंदिरावरून घाट चढायचे. मिस्टर सव्वासहाला स्कूटर घेऊन वर यायचे आणि मला मागे बसवून घरी आणायचे. कारण दोन. एक, रविवारी सासूबाईंचं सकाळचं सगळं वेळेत व्हायला हवं. आणि दुसरं, पळणाऱ्या सगळ्यांनीच मला सांगितलं होतं की उतारावर गुडघे जातात, चढ पळ आणि उतार टाळ. मी ते मनापासून पाळलं. इतर दिवशी शाहू स्टेडियमवर नाहीतर महामार्गाच्या सेवारस्त्याने लिंब खिंडीकडे सपाटीला. 2019 सोडलं (त्याचं पुढे सांगते) तर सलग सहा-सात किलोमीटरचा उतार मी वर्षातून एकदाच पळायचे, शर्यतीच्या दिवशी, चढून दमलेल्या पायांनी, पूर्ण वेगात.

डोंगरातली माणसं म्हणून आपल्याला वाटतं की घाट आपल्या अंगात आहे. चढ असेल. उतार अंगात आणावा लागतो.

उतार पायांचं नेमकं काय करतो

विहिरीवर पाणी ओढलंय त्यांना लगेच कळेल. भरलेली घागर वर ओढताना दंड भरतात. पण तीच भरलेली घागर दोराला धरून हळूहळू खाली सोडायची म्हटलं तर हात जास्त थरथरतात आणि दोर तळहाताला कापतो. चढताना मांडीचा स्नायू आखडत आखडत काम करतो. उतरताना तो लांबत असतो आणि लांबतानाच शरीराचं वजन धरून ठेवतो, घागर सोडल्यासारखा. अशा कामात त्याला दम कमी लागतो, म्हणून उतरताना बरं वाटतं. पण स्नायूंचे बारीक तंतू मात्र याच कामात जास्त तुटतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पाय भरून येतात ते यामुळे.

मग गोळा पोटरीतच का? स्नायूत आणि त्याच्या दोरीसारख्या टोकात, म्हणजे कंडरेत, ताणाची बातमी मणक्याकडे पाठवणारे दोन प्रकारचे पहारेकरी असतात. एकाच्या बातमीने स्नायू आवळतो, दुसऱ्याच्या बातमीने सैल सुटतो. स्नायू फार दमला की आवळणाऱ्याचा आवाज वाढतो आणि सैल करणाऱ्याचा बसतो. पोटरीचा मोठा स्नायू गुडघा आणि घोटा अशा दोन सांध्यांवरून जातो. पळताना तो बऱ्याचदा आखडलेल्या स्थितीत काम करतो, तिथे सैल करणाऱ्याचा आवाज आधीच बारीक. त्यात उतारावर मांड्या दमल्या की पाऊल बिघडतं, आपण चवड्यावर तोल सावरायला लागतो आणि सगळा भार पोटरीवर येतो. ताणल्यावर गोळा सुटतो याचं कारणही हेच, ताणल्याने त्या दुसऱ्या पहारेकऱ्याला परत आवाज येतो. गोळ्याची हीच एक मांडणी आहे असं नाही, पण माझ्या वहीशी जुळणारी हीच आहे.

उताराची तयारी

शरीराची एक फार चांगली सवय आहे. उताराने एकदा पाय भरून आले की काही आठवडे तोच उतार त्यांना तेवढा लागत नाही. थोडासा उतार आधी चाखवला की स्नायू स्वतःला त्यासाठी बांधून घेतात. मला याचा पुरावा जिन्यावर मिळाला.

2024 च्या जूनमध्ये, शर्यतीच्या बारा आठवडे आधी, मी साताऱ्यातल्या 'चार भिंती' या उंचावरच्या ठिकाणाच्या रस्त्यावर सुरुवात केली. वरून खाली साधारण 600 मीटर पळायचं, हळू चालत परत वर जायचं, असं तीनदा. एवढंच. दम लागला नाही, मला वाटलं काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेचा जिना उतरवेना. कठडा धरून एकेक पायरी आडवं उतरत होते, तर दुसरीतली पोरं गोळा झाली. "बाई, पाय मोडला का?" तीन दिवस तसेच गेले. दहा दिवसांनी तेच तीन उतार पळाले, तर एकच दिवस दुखलं. तिसऱ्या वेळी पाच उतार केले आणि जिना नेहमीसारखा उतरले.

जुलैत आम्ही स्कूटरचा क्रम उलटा केला. मिस्टर मला पहाटे यवतेश्वरला वर सोडायचे आणि मी घाट पळत खाली यायचे. आधी अर्धा, मग पूर्ण. दर दहा-बारा दिवसांनी एकदाच, त्यापेक्षा जास्त नाही, आणि त्यानंतरचे दोन दिवस चालणं किंवा अगदी सावकाश पळणं. ऑगस्टच्या सुरुवातीला चढ आणि उतार एकत्र जोडले. शेवटचा मोठा उतार शर्यतीच्या तीन आठवडे आधी.

उतरायची पद्धतही शिकावी लागली. मी पाय लांब टाकून टाचेवर आपटत, मागे झुकून, ब्रेक लावत उतरायचे. आता पावलं आखूड आणि पटापट. पाऊल पुढे न टाकता कमरेखाली पडू द्यायचं, गुडघा थोडा मऊ ठेवायचा, अंग घोट्यापासून किंचित पुढे, नजर पंधरा-वीस पावलं पुढे. वेग वाढायला लागला की पाऊल लांब करायचं नाही, आणखी आखूड करायचं. पावसाळ्यात कडेच्या शेवाळावर आणि रंगवलेल्या पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवू नका, ओल्यात ते दोन्ही निसटतात. जोराचा पाऊस असेल त्या दिवशी घाटात जाऊच नका, दरडीचा भरवसा नसतो. आणि सप्टेंबरात कासची फुलं सुरू झाली की रविवारी सातच्या आत घाटातून बाहेर पडा, गाड्या फार असतात.

गुडघ्यांचं काय, हे सगळे विचारतात. माझे गुडघे दुखले नाहीत, पण मी त्याआधी दोन महिने घरी ताकदीचे व्यायाम करत होते. साताऱ्याच्या तालमींत पिढ्यान्पिढ्या बैठका मारल्या जातात, त्याच बैठका, पण खाली जाताना तीन आकडे मोजत सावकाश. दुसरं, जिन्याच्या खालच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय हळूहळू जमिनीला टेकवायचा, आपटायचा नाही, प्रत्येक पायाने दहा-बारा वेळा. तिसरं, पायरीच्या कडेवर चवडे ठेवून दोन्ही पायांनी टाचा वर करायच्या आणि एका पायावर सावकाश खाली सोडायच्या, पंधरा-पंधराचे तीन फेर, थोडे गुडघा सरळ ठेवून, थोडे वाकवून. आठवड्यातून तीन दिवस, पोळ्यांचा तवा तापेपर्यंत निम्मं होतं. गुडघा आधीच दुखत असेल किंवा सुजला असेल, तर उताराच्या वाटेला जायच्या आधी डॉक्टरांना दाखवा.

शर्यतीच्या आधीचा रविवार

ही चूक मी 2019 मध्ये केली आणि आजही दर वर्षी कुणी ना कुणी करताना बघते. शर्यत आठवड्यावर आली की ग्रुपवर निरोप फिरतो, चला, एकदा पूर्ण रूट मारून बघू. उताराची सवय नसलेले पाय त्या रविवारी झिजतात आणि पुढच्या रविवारी तशाच अर्धवट भरलेल्या पायांनी आपण सुरुवातीच्या रेषेवर उभे राहतो. श्वेलनस यांच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट, शर्यतीआधीच झालेली झीज, ती हीच. रूट बघायचा असेल तर गाडीवरून बघा.

मुंबईचा गोळा वेगळा होता

लक्षण तेच होतं, म्हणून मी बराच काळ दोन्हींना एकच समजत होते. मुंबईत तसा घाट नाही, तरी पस्तिसाव्या किलोमीटरच्या सुमाराला पेडर रोडच्या चढावर दोन्ही पोटऱ्या गेल्या. वहीत उत्तर सरळ होतं. सरावात माझं सगळ्यात लांब पळणं 26 किलोमीटर, किलोमीटरला 7 मिनिटं 20 सेकंदांनी. शर्यतीत पहाटेच्या गारव्यात पहिले 10 किलोमीटर 64 मिनिटांत पळाले. म्हणजे किलोमीटरला जवळजवळ एक मिनिट जास्त वेगाने. 26 च्या पुढचा रस्ता पायांना माहीत नव्हता आणि तिथे पोहोचेपर्यंत मी त्यांना आधीच पिळून काढलं होतं. वर खाणंही अपुरं, पाच तासांत दोन खजूर आणि बिस्किटं. इतक्या लांब पळण्यात तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. एका मध्यम केळ्यात 25 ग्रॅमच्या आसपास असतात, त्यावरून हिशेब करा.

म्हणून गोळा येत असेल तर आधी तो कुठे येतो ते लिहा. दर वेळी उतारावर येत असेल तर उताराचा सराव बघा. सपाटीवर पण सरावातल्या सगळ्यात लांब अंतराच्या पुढे गेल्यावर येत असेल तर लांब पळणं आणि सुरुवातीचा वेग बघा. सरावात कधीच येत नाही आणि फक्त शर्यतीतच येतो, तर बहुतेक वेळा वेगाकडेच बोट जातं. रात्री झोपेत येणारा गोळा हा वेगळा विषय आहे, तो यात मिसळू नका.

गोळा नसलेलं दुखणं

पोटरीत मागून कुणी दगड मारल्यासारखा फटका बसला आणि चवड्यावर उभं राहता येत नसेल तर ते ताणू नका, स्नायू किंवा टाचेची कंडरा तुटलेली असू शकते. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागते, दुखणं दिवसेंदिवस जात नाही, तर रक्ताची गुठळी नाही ना हे त्याच दिवशी बघून घ्या. शर्यतीनंतर लघवी काळ्या चहासारखी झाली तर वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे जा, स्नायूंतून सुटलेली द्रव्यं मूत्रपिंडाला इजा करतात. रक्तदाबासाठी लघवीची गोळी किंवा कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल आणि गोळे येत असतील तर डॉक्टरांना दोन्ही गोष्टी एकत्र सांगा. औषध आपल्या मनाने बंद करू नका.

2024 ची शर्यत

चढावर मी मुद्दाम मागे राहिले. नेहमीच्या मैत्रिणी पुढे गेल्या, त्या पाठमोऱ्या दिसत असताना हळू जाणं मला फार जड गेलं. वळसा घेताना घड्याळात मागच्या वर्षीपेक्षा तीन मिनिटं जास्त होती. उतारावर आखूड पावलं मोजत निघाले. मांड्या शेवटपर्यंत शाबूत होत्या.

साडेसतराव्या किलोमीटरला डाव्या पोटरीत ती ओळखीची फडफड झाली. पूर्वी मी या वेळी दात आवळून वेग वाढवायचे, की गोळा यायच्या आत जेवढं अंतर कापता येईल तेवढं कापू. या वेळी लगेच वेग उतरवला, दोन मिनिटं जवळजवळ चालण्याइतकं सावकाश, टाच पूर्ण टेकवत. एकदा कठड्याला पाय लावून दोन्ही पोटऱ्या वीस-वीस सेकंद ताणल्या. ओआरएसचे दोन घोट घेतले. समर्थ मंदिर येईपर्यंत फडफड थांबली होती. तिथून सपाटीला उरलेलं अंतर पळतच गेले. 2 तास 34 मिनिटं, मागच्या वर्षीपेक्षा 13 मिनिटं कमी.